सूर्य, चंद्र आणि खाली आकाश: एका सम्राज्ञीचं खासगी अक्षर

कागद-पेन्सिल घ्या. डावीकडे एक उभा आयत काढा आणि त्याच्या मधोमध आडवी रेघ मारा. हा सूर्य. त्याला खेटून उजवीकडे तसाच उभा आयत, पण खालून उघडा, डावा पाय किंचित बाहेर वळलेला आणि पोटात दोन आडव्या रेघा. हा चंद्र. आता दोघांच्या खाली, दोघांना पुरेल एवढं रुंद छप्पर: वर मधोमध एक टिंब, दोन्ही टोकं जराशी खाली झुकलेली. छपराखाली दोन तिरक्या रेघा, एक डावीकडे जाणारी, एक उजवीकडे. सगळ्यात खाली दोन आडव्या रेघा, एका उभ्या रेघेने जोडलेल्या. हे आकाश. मोजून बघा, चिनी पद्धतीने १६ फटकारे होतात. तुमची मोजणी जास्त भरली तर आयताच्या चारही बाजू तुम्ही वेगळ्या धरल्यात. चिनी हात वरची आणि उजवी बाजू एका दमात काढतो.

हे अक्षर चिनी वर्तमानपत्रात वर्षभरात एकदाही दिसलं नाही तरी नवल नाही. सव्वातेराशेहून जास्त वर्षं ते एकाच बाईच्या नावासाठी राखून ठेवल्यासारखं आहे. ती बाई म्हणजे चीनच्या इतिहासात स्वतः 'सम्राट' म्हणून गादीवर बसलेली एकमेव स्त्री, वू झेतियान. आणि हे अक्षर तिच्या आधी अस्तित्वातच नव्हतं.

मी वर जसं तोंडी अक्षर सांगितलं, तसं चिनी माणसं फोनवर रोज सांगतात. "ली म्हणजे कुठलं ली?" या प्रश्नाचं उत्तर येतं, "लाकूड-मूल ली." चांग आडनावाचा माणूस म्हणतो, "धनुष्य-लांब चांग." उच्चार एक आणि त्याची अक्षरं ढीगभर, त्यामुळे सुटे भाग सांगितल्याशिवाय सुटका नाही. आपण "शहाजीतला श की पोटफोड्या ष?" असं विचारतो त्यातलाच प्रकार, फक्त त्यांना तो दिवसातून दहा वेळा करावा लागतो. आपलं अक्षर सांगायचं तर "आकाशातल्या सूर्यचंद्राचं चाओ".

आता अर्थाकडे वळू. शब्दकोशात या अक्षरासमोर दीड ओळ असते: 'चाओ' म्हणजे उजळणे, प्रकाश टाकणे, या नेहमीच्या अक्षराचंच दुसरं रूप, वू झेतियानने स्वतःच्या नावासाठी वापरलेलं. संपलं. पण तो अर्थ ज्या रीतीने अक्षरात बसवला आहे तिथे खरी गंमत आहे, आणि ती कळायला चिनी लिपीची एक खोड माहीत हवी.

चिनी अक्षर म्हणजे चित्र, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. सूर्य, चंद्र, डोंगर, झाड अशी मोजकी अक्षरं एके काळी चित्रं होती, हे खरं. पण ऐंशी टक्क्यांहून जास्त अक्षरं जोडकामाची असतात. एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. उजळण्याचं नेहमीचं 'चाओ' घ्या. त्याच्या तळाशी चार टिंबं असतात, म्हणजे विस्तव, हा अर्थ. वरचा सगळा भाग उच्चार सांगण्यासाठी, कारण तो स्वतःही 'चाओ' असाच वाचतात. तो उघडला की आत एक सूर्य आणि आणखी एक 'चाओ' निघतो. तोही उघडला की वर सुरी आणि खाली तोंड. सुरीला चिनीत म्हणतात 'ताओ', म्हणजे उच्चाराची मूळ खूण तीच. डब्यात डबा, त्यात डबा, आणि सगळ्यात आत एक सुरी. आजही फोटो आणि गाडी चालवायचा परवाना, या दोन्ही शब्दांत हेच रोजचं चाओ असतं.

सम्राज्ञीने विस्तव काढला, सुरी काढली, तोंड काढलं. उरला तो सूर्य तिने उचलून वर ठेवला, शेजारी चंद्र बसवला आणि दोघांच्या खाली आकाश अंथरलं. आता अक्षरात सगळा अर्थच अर्थ आहे, 'चाओ' सुचवणारा एकही भाग नाही. आकाशाच्या अक्षरात एक उच्चारदर्शक तुकडा आहे खरा, पण तो 'खोंग' सांगतो. म्हणजे हे अक्षर पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्वानालाही ते वाचता येणार नाही, कुणीतरी सांगावं लागेल. सांगायला राजाज्ञा होती.

सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवले की चिनीत 'तेजस्वी' हे अक्षर होतं, ते फार जुनं. सूर्य पुरुषतत्त्वाचा, चंद्र स्त्रीतत्त्वाचा, हीही जुनी कल्पना. वू आणि तिचा नवरा सम्राट काओत्सोंग यांना दरबारात 'दोन पुण्यवंत' असं जोडीने म्हणत. तो आजारी पडल्यावर कारभार तीच पाहायची. या सगळ्याच्या सावल्या त्या अक्षरात पडलेल्या आहेत.

खालच्या आकाशाची गोष्ट आपल्या अधिक ओळखीची आहे. या अक्षराचा अर्थ आकाश, पोकळी, रिकामं. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा 'शून्य' या शब्दासाठी भाषांतरकारांनी हेच अक्षर निवडलं. प्रज्ञापारमिताहृदय सूत्रातलं 'रूपं शून्यता' हे वचन युआन श्वांगच्या चिनी भाषांतरात याच अक्षराने येतं. युआन श्वांग म्हणजे शाळेच्या पुस्तकातला तोच चिनी प्रवासी, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून गेला. तो परत गेल्यावरचा बराच काळ वूच्या राजवाड्याच्या छायेतच गेला. ६५६ मध्ये तिला मुलगा झाला, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना केली ती युआन श्वांगने, आणि बाळाला 'बुद्धप्रकाश' अशी पदवी मिळाली. या मुलाला आईने पुढे गादीवरून उतरवलं, आणि शेवटी आईला उतरवून लोकांनी याच मुलाला गादीवर बसवलं. पण ते नंतर.

तेव्हा नावातलं ते आकाश नुसतं आकाश की शून्यता? तिच्या मनातलं आज सांगता येणार नाही. मात्र बौद्ध वाचकाला दोन्ही दिसणार, आणि तिच्या राज्यात बौद्ध वाचक पुष्कळ होते. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू भारतातून आणि सुमात्राकडून ग्रंथांचा भार घेऊन ६९५ मध्ये तिच्या राजधानीला, लुओयांगला, पोचला, तेव्हा ती स्वतः वेशीबाहेर त्याला सामोरी गेली होती.

थोडं तिच्याबद्दल. जन्म ६२४ चा. चौदाव्या वर्षी थांग घराण्याच्या थाइत्सोंग सम्राटाच्या अंतःपुरात खालच्या दर्जाची दासी-राणी म्हणून दाखल. त्याने तिला 'मेइ' म्हणजे मोहक असं नाव दिलं. जन्मनाव इतिहासाने नोंदवलेलं नाही. ६४९ मध्ये तो वारल्यावर रिवाजाप्रमाणे तिची रवानगी भिक्षुणींच्या मठात झाली. तिथून त्याच्याच मुलाने, काओत्सोंगने, तिला परत राजवाड्यात आणलं आणि ६५५ मध्ये पट्टराणी केलं. तो ६८३ मध्ये गेला. पुढची सात वर्षं मुलांना पुढे करून तिने राज्य चालवलं आणि ६९० मध्ये आडपडदा बाजूला सारून स्वतः सम्राट झाली. थांग घराणं बाजूला, आता 'चौ' घराणं. तिच्या क्रौर्याच्या कथा रग्गड आहेत, पण तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे तिच्या विरोधकांच्या छावणीतले, त्यामुळे त्या हातचं राखूनच वाचाव्यात.

अक्षरांचा उद्योग गादीवर बसण्याच्या जेमतेम वर्षभर आधीचा, ६८९ च्या हिवाळ्यातला. आधी पंचांग बदललं: प्राचीन चौ राजांप्रमाणे अकरावा महिना वर्षाचा पहिला महिना ठरला. त्याच सुमारास तिच्या चुलत बहिणीचा मुलगा, त्सोंग छिनख नावाचा दरबारी, १२ नवी अक्षरं घेऊन हजर झाला. आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, तारा, राजा, अमात्य वगैरे शब्दांना जुन्या अक्षरांऐवजी ही वापरायची. पुढे भर पडत गेली; काही अक्षरांची दोन-दोन रूपं असल्यामुळे अभ्यासकांची मोजणी १८ च्या आसपास पुढे-मागे होते. त्याच वेळी तिने स्वतःला नाव घेतलं: वू चाओ, नव्या अक्षरातलं चाओ. ज्या बाईला आयुष्यभर कुणीतरी दिलेलं नाव होतं, तिने पासष्टाव्या वर्षी आपलं नाव स्वतः ठेवलं, आणि ते लिहायला अक्षरही स्वतःचंच केलं. मला या सगळ्या प्रकरणात हे सर्वांत मोठं वाटतं. बाकी अक्षरं राज्यासाठी होती, हे एक तिचं होतं. (भाचेबुवांचं पुढे काय झालं? वर्षभरातच लाचखोरीच्या प्रकरणात पद गेलं आणि दूर कुठेतरी किरकोळ नोकरीवर रवानगी झाली.)

'वू झेतियान' हे नाव तिने हयातीत वापरलेलंच नाही. गादीवरून उतरवल्यावर तिला जी लांबलचक सन्मानाची पदवी मिळाली त्यातले 'झेतियान', म्हणजे स्वर्गाच्या चालीने चालणारी, एवढे दोन शब्द लोकांनी उचलले. त्यामुळे इतिहासात ती ओळखली जाते दुसऱ्यांनी दिलेल्या नावानेच.

आता उच्चार. इथे मराठी वाचकाची स्थिती इंग्रजी वाचकापेक्षा फार बरी आहे, आणि तरी आपण इंग्रजीवरून उचलतो म्हणून घोटाळा होतो. रोमन लिपीत तिच्या नावात 'झेड' आणि 'झेड-एच' अशी दोन अक्षरं येतात, ती पाहून आपण 'झेतियान' आणि 'झाओ' छापतो. मीही वर रुळलेलं रूप म्हणून 'झेतियान'च लिहिलं. प्रत्यक्षात दोन्हीकडे 'झ' नाही, दोन्हीकडे 'च' आहे. फक्त दोन वेगळे च. झेतियानमधला पहिला आवाज म्हणजे आपल्या चमच्यातला, चोरातला, गुरांच्या चाऱ्यातला च. जीभ दातांना लागते. चाओमधला च हा चहातल्या, चंद्रातल्या, चार आकड्यातल्या च च्या जवळचा, पण आजच्या पेइचिंगच्या (नकाशात बीजिंग) बोलीत जीभ आणखी मागे, 'ट' म्हणताना जिथे जाते तिथे वळते. हिंदी माणसाला चार आणि चारा यांतला फरक शिकवावा लागतो. आपण तो पाळण्यातच शिकलेलो असतो.

मग सूर. चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो. हा चौथा सूर: उंचावरून सरळ खाली. कुणी ताटात तिसऱ्यांदा भात वाढायला लागलं की आपण "बास!" म्हणतो, त्याच घसरणीने "चाओ!" म्हणा. जमलं.

पण वू स्वतः असं म्हणत नव्हती. सातव्या शतकातला उच्चार वेगळा होता. तो कसा कळतो? चिनी कोशकारांनी उच्चार नोंदवायची एक युक्ती काढली होती: दोन ओळखीची अक्षरं द्यायची, पहिल्याचा फक्त पहिला आवाज घ्यायचा, दुसऱ्याचा उरलेला भाग सुरासकट घ्यायचा. चाओसाठी जुन्या कोशात दिलेली जोडी आहे 'चि' आणि 'शाओ'. चि मधला च, शाओ मधला आओ, झाला चाओ. बाराखडीत व्यंजन आणि स्वर वेगळे करायची सवय असलेल्या आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण ज्यांची लिपी अख्खा उच्चार एका गाठोड्यात बांधते, त्यांच्यासाठी हे मोठं पाऊल होतं, आणि त्यामागे बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा हात होता, असं अनेक अभ्यासक मानतात.

पुढच्या पायरीला तर शंका घ्यायला जागाच नाही. थांग काळाच्या अखेरीस शौवेन नावाच्या भिक्षूच्या नावावर ३० वर्णांची यादी सापडते, आणि नंतर तिचे ३६ होतात. ती यादी वाचली की आपल्याला हसू फुटतं: क ख ग ङ, त थ द न, प फ ब म, अशी चक्क वर्गवार मांडणी, फक्त प्रत्येक वर्णासाठी त्या आवाजाने सुरू होणारं एक चिनी अक्षर नमुना म्हणून. आणि त्यात एका 'च' साठी निवडलेलं नमुन्याचं अक्षर कुठलं? उजळणारं नेहमीचं चाओ! म्हणजे चिनी वर्णमालेत त्या च चं नावच चाओ आहे. अशा कोशांवरून, शिवाय जपानी, कोरियन, व्हिएतनामी लोकांनी जुन्या काळी उचललेल्या उच्चारांवरून मागे मोजत गेलं की तिच्या काळचा आवाज साधारण 'च्येव' असा निघतो. जीभ अजून मागे वळलेली नव्हती. तेव्हाचा तो च आजच्या पेइचिंगपेक्षा आपल्या चहातल्या च ला जास्त जवळचा. जपानीत या अक्षराचा उच्चार 'शो', व्हिएतनामीत 'च्येऊ'.

उच्चाराचा आणखी एक उपद्रव झाला. चीनमध्ये सम्राटाचं नाव घेणं, लिहिणं निषिद्ध. जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे आणि नवरा हरी असला तर देवाचं नाव घ्यायचीही पंचाईत व्हायची, तसं. फरक एवढाच, की इथे अख्ख्या साम्राज्याला ते पाळावं लागे, नाहीतर शिक्षा. आता राजाज्ञेला चिनीत म्हणायचे 'चाओ'. अक्षर निराळं, पण आवाज तोच. तेव्हा राजाज्ञेचं नावच बदलून 'चि' करण्यात आलं. अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला पाओ चाओ नावाचा एक कवी होता, त्याच्या नावातलं चाओ म्हणजे नेहमीचंच विस्तववालं. थांग काळच्या नकलाकारांनी त्याचा विस्तव विझवला आणि वरचं नुसतं सूर्यवालं चाओ ठेवलं. बिचाऱ्याला मेल्यावर नाव बदलावं लागलं.

बाकीच्या नव्या अक्षरांपैकी काही खरंच सुरेख होती. पृथ्वी: वर डोंगर, मध्ये पाणी, खाली माती. माणूस: 'एक' आणि त्याखाली 'जीवन'. अमात्य: 'एक' आणि त्याखाली 'निष्ठा', म्हणजे निष्ठा एकाच ठिकाणी, कुणाच्या ठिकाणी ते सांगायला नको. वर्ष: हजार-हजार, दहाहजार-दहाहजार असं एकावर एक रचून. तारा: नुसतं एक वर्तुळ. आणि बौद्ध परंपरेत अशी नोंद आहे, की स्वस्तिकाला 'वान' म्हणजे दहा हजार असा उच्चार देऊन अक्षराचा दर्जा दिला तोही तिच्याच आज्ञेने, ६९३ मध्ये. स्वस्तिक आजही चिनी कोशात अक्षर म्हणून असतं, वान याच उच्चाराने.

सगळ्यात मजेदार कथा 'देश' या अक्षराची. चांग चुओ नावाच्या त्याच काळातल्या एका अधिकाऱ्याने दरबारी गप्पांची टिपणं लिहून ठेवली आहेत, त्यात ती येते. देशाच्या जुन्या अक्षरात बाहेर चौकट आणि आत एक अक्षर असे, ज्याचा अर्थ 'कदाचित', आणि जे 'गोंधळ' या शब्दाच्याही जवळ जातं. एकाने अर्ज केला: देशाच्या पोटात गोंधळ नको, तिथे महाराजांचं आडनाव 'वू' बसवावं, म्हणजे देश स्थिर होईल. बाई खूश. हुकूम सुटला. महिनाभराने दुसऱ्याचा अर्ज आला: चौकटीत 'माणूस' घातला की 'कैदी' हे अक्षर होतं, चौकटीत वू घातली तर ते कैद्याहून वेगळं दिसत नाही, फार अशुभ. बाई दचकल्या. हुकूम मागे, वू बाहेर, आणि चौकटीत 'आठ दिशा' असे दोन शब्द बसवण्यात आले. चांग चुओ शेवटी हळूच चिमटा काढतो: पुढे मुलगा गादीवर आला आणि बाईंना खरंच एका राजवाड्यात कोंडून ठेवलं. गप्पिष्ट माणसाची टिपणं आहेत, अगदी शब्दशः घेऊ नका, पण अक्षरांकडे ती माणसं किती गांभीर्याने बघायची ते कळतं.

७०५ मध्ये दरबाऱ्यांनी उठाव केला, ऐंशीच्या घरातल्या वूला गादी सोडावी लागली, थांग घराणं परत आलं आणि त्याच वर्षाअखेरीस ती वारली. सरकारी कागदांतून तिची अक्षरं गेली. साधं कारण आहे: 'माणूस' हे जुनं अक्षर दोन फटकाऱ्यांत होतं. नव्याला सहा लागत. दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनाला कुठलं आवडेल?

पण जिथे राजाची नजर नव्हती तिथे ती टिकली. पहिलं ठिकाण म्हणजे हनान प्रांतातला सोंग पर्वत. १९८२ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला कड्याच्या खबदाडात सोन्याची पातळ पट्टी सापडली. लांबी ३६ सेंटिमीटर, रुंदी ८, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. आज ती चंगचौच्या (नकाशात झेंगझोऊ) प्रांतीय संग्रहालयात आहे. वर ६३ अक्षरं. सन ७००, सातव्या महिन्याचा सातवा दिवस. मजकूर असा, की महान चौ देशाची स्वामिनी वू चाओ हिला सत्यमार्गाची आणि अमर सिद्धांची ओढ आहे, म्हणून ती या पर्वताच्या दाराशी सुवर्णपट्टी अर्पण करते आणि वरच्या देव-अधिकाऱ्यांनी वू चाओचं नाव पापांच्या यादीतून खोडावं अशी विनंती करते. सूर्य-चंद्र-आकाशवालं अक्षर त्यात दोनदा आहे. देश आठ दिशांचा आहे, अमात्य एकनिष्ठ आहे. शहात्तर वर्षांची सम्राज्ञी देवांकडे माफी मागते आहे, पण सही मात्र स्वतःच्या अक्षरात. आणि ज्याने पट्टी पोचवली तो दूत स्वतःला 'छोटा सेवक' म्हणवतो.

दुसरं ठिकाण कोरिया. ग्योंगजूच्या बुल्गुक्सा मंदिरातल्या दगडी स्तूपात १९६६ मध्ये एक गुंडाळी सापडली, लाकडी ठशाने छापलेल्या धारणीमंत्रांची. मंदिर आठव्या शतकाच्या मध्यावरचं, त्यामुळे ही जगातल्या सर्वांत जुन्या छापील वस्तूंपैकी एक. आणि त्यात मधूनच वूची अक्षरं! झाला वाद सुरू. चिनी अभ्यासक म्हणतात, ही अक्षरं म्हणजे तिच्या राज्यातली छपाई, गुंडाळी चीनमधून गेली. कोरियन म्हणतात, मूळ प्रतीत होती तशी आमच्या माणसांनी कोरली, छपाई आमचीच. म्हणजे सोळा वर्षं चाललेल्या अक्षरांवरून दोन देश आज भांडतात. हस्तलिखितांचा काळ ठरवायलाही याच खुणा उपयोगी पडतात. मात्र जुन्या प्रतीवरून नंतर केलेली नक्कलही तशीच दिसते, हे धरून चालावं लागतं.

तिसरं जपान. सतराव्या शतकातला मितोचा प्रसिद्ध सरदार तोकुगावा मित्सुकुनी आपल्या नावातला 'कुनी', म्हणजे देश, आठ दिशांच्या चौकटीने लिहायचा. त्याच्यावरची टीव्ही मालिका जपानमध्ये कितीतरी वर्षं चालली. त्यामुळे चीनमधून बाद झालेलं ते अक्षर जपानी आजीबाई सहज ओळखतात.

आणि आपलं चाओ? ते नावातलं अक्षर होतं म्हणून वाचलं. इतर अक्षरं गेली तिथे जुनी परत आली. पण इतिहासकाराला 'वू चाओ' लिहायचं तर दुसरं काय लिहिणार? नक्कल करता करता सूर्य-चंद्राचे दोन डोळेही झाले. दोन डोळे आणि खाली आकाश असं एक रूप कोशात आजही मिळतं, रेघ जास्त पडली एवढाच त्याचा इतिहास. संगणक आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. १९८० च्या चिनी सरकारी संचात ६,७६३ अक्षरं होती आणि त्यात हे नव्हतं. सम्राज्ञीचं सोडा, १९९८ मध्ये पंतप्रधान झालेले चू रोंगजी यांच्या नावातलं मधलं अक्षरही त्यात नव्हतं, आणि छापणाऱ्यांना ते दोन तुकड्यांत जोडून दाखवावं लागे. युनिकोडच्या पहिल्या चिनी संचात आपलं चाओ आलं, आता फोनवर उच्चार टाइप करून यादीत खाली-खाली सरकत गेलं की सापडतं. तिची काही भावंडं खूप उशिरा आली. जुन्या फोनवर त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते.

वूची समाधी पश्चिमेला, जुन्या राजधानीजवळ छ्येनलिंग इथे, नवऱ्याच्या शेजारी आहे. वाटेवर दोन प्रचंड शिळा उभ्या आहेत. एकीवर काओत्सोंगची स्तुती, तिनेच रचलेली. दुसरी तिची स्वतःची, साडेसात मीटरच्या आसपास उंच, माथ्यावर गुंफलेले ड्रॅगन. ती कोरीच ठेवली. का, यावर चिनी लोक हजार वर्षं गप्पा मारताहेत. दगडाच्या एका बाजूला अक्षरांसाठी चौकटी आखलेल्या दिसतात, शाळेतल्या गणिताच्या वहीसारख्या. अक्षर एकही नाही.

कोरा दगड दिसल्यावर येणारे-जाणारे थोडेच गप्प बसणार? थांगनंतरच्या सोंग आणि चिन राजघराण्यांच्या काळापासून प्रवाशांनी त्यावर आपापले मजकूर कोरायला सुरुवात केली. त्यातला एक ११३४ चा, चिन सम्राटाच्या धाकट्या भावाच्या फेरफटक्याचा, आणि तो आहे खितान लिपीत, म्हणजे चिनच्या आधी उत्तरेत राज्य करणाऱ्या खितान लोकांच्या लिपीत. तीही एका राजघराण्याने हुकूम काढून घडवलेली लिपी. तिचं पूर्ण वाचन अजून कुणाला जमलेलं नाही. या दगडावर शेजारीच चिनी भाषांतर कोरलेलं आहे, म्हणून तेवढ्या ओळींचा अर्थ तरी लागतो.